नैसर्गिक टूथपेस्ट निवडताना

‘नैसर्गिक’ अशी टूथपेस्टची वेगळी कायदेशीर वर्गवारी भारतात नाही. बाजारातली बहुतेक पेस्ट एकतर सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यावर तयार होते, नाहीतर आयुर्वेदिक औषधाच्या. ‘हर्बल’, ‘नैसर्गिक’, ‘केमिकल नाही’ हे शब्द उत्पादक स्वतः छापतो. आत काय आहे ते घटकांच्या यादीवरूनच कळते. बहुतेक हर्बल पेस्टचा पायाही नेहमीच्या पेस्टसारखाच असतो: दात घासण्यासाठी खडूची भुकटी किंवा सिलिका, ओलावा टिकवण्यासाठी ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल, आणि पुष्कळदा फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट. त्यात लवंग, कडुनिंब, बाभूळ किंवा पुदिना यांचे अर्क मिसळलेले असतात. खरा फरक बहुधा एकाच घटकात असतो, तो म्हणजे फ्लोराइड.

गोंदिया जिल्ह्यात दात घासण्याच्या जुन्या पद्धती आजही दिसतात. कडुनिंबाची, बाभळीची किंवा करंजाची काडी चावून जपून केलेले दातवण हिरड्यांना सहसा इजा करत नाही. राखुंडीचे तसे नाही. भाताच्या या जिल्ह्यात राइस मिलमधून निघणाऱ्या तुसाची राख सहज मिळते. या राखेत मुख्यतः सिलिका असते आणि ती रोज घासली तर दाताचे वरचे कवच झिजते. शेजारच्या छत्तीसगडात रुळलेला गुडाखू तर तंबाखू आणि गुळाच्या मळीचाच लेप आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९९७ मध्ये कायम ठेवली. गुडाखू आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री मात्र तोंडात जातच राहिली. झाडापासून आलेली वस्तू दातांना सुरक्षित असतेच असे नाही, हे गुडाखूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

फ्लोराइडचे काम साधे आहे. जेवणानंतर तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दाताच्या कवचातली खनिजे विरघळवते. लाळेतली खनिजे पुन्हा कवचात बसवण्याच्या क्रियेला फ्लोराइड वेग देते, आणि असे भरलेले कवच आम्लापुढे अधिक टिकते. भारतात फ्लोराइडयुक्त पेस्टमध्ये त्याचे प्रमाण १००० पीपीएमच्या वर नेता येत नाही. हे प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर छापणे बंधनकारक आहे. फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

असे असताना फ्लोराइडची भीती का पसरते? तिचे मूळ पेस्टमध्ये नसून पाण्यात आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. केंद्रीय भूजल मंडळाच्या नोंदींत महाराष्ट्रातील ज्या जिल्ह्यांत काही ठिकाणी ही मर्यादा ओलांडली गेली आहे, त्यांत चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड यांच्याबरोबर गोंदियाही आहे. असे पाणी लहानपणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर पांढरे-तपकिरी डाग उमटतात. ते कवच तयार होतानाच त्यात बसलेले असतात, त्यामुळे राखेने किंवा मंजनाने घासून ते जात नाहीत. घासण्याने कवच मात्र जाते. पाणी उकळल्यानेही फ्लोराइड निघत नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते.

म्हणून पेस्ट बदलण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न ‘घरात कोणते पाणी पितात?’ हा आहे. गोंदिया जिल्ह्याच्या आमगाव तालुक्यातील एका घरात हा प्रश्न विक्रेत्याने विचारलाच नाही. ते घर प्रस्तुत लेखिकेचे आहे.

त्या घरात आलेली ‘नैसर्गिक’ पेस्ट दुकानातून घेतलेली नव्हती. साखळी पद्धतीने माल विकणारी ओळखीतली एक व्यक्ती ती घरी घेऊन आली होती. आल्या आल्या प्रयोग सुरू झाला. घरातल्या पेस्टवर हळद टाकली, ती लालसर झाली. ‘बघा वहिनी, हे विष पोरांच्या तोंडात जातंय.’ मग ट्यूबच्या टोकावरची पट्टी दाखवली: काळी म्हणजे केमिकल, हिरवी म्हणजे नैसर्गिक. फ्लोराइडबद्दल लेखिकेने त्याच वेळी स्पष्ट विचारले. उत्तर आले, ‘ते उंदराचं औषध असतं.’ पेस्ट घेतली आणि पावती मागितली तर, ‘आपण घरचेच, पावती कशाला?’

हळदीच्या प्रयोगात आणि पट्टीच्या दाव्यात तथ्य नाही. हळद कोणत्याही अल्कधर्मी पदार्थाने लाल होते. पारंपरिक कुंकू हळदीवर चुन्याची प्रक्रिया करूनच बनते, आणि खडू किंवा खाण्याचा सोडा असलेल्या पेस्टमुळेही हळदीचा रंग बदलू शकतो. त्या रंगावरून विष सिद्ध होत नाही. टोकावरची पट्टी ही पॅकिंग यंत्रासाठी केलेली खूण असते. ट्यूब कुठे कापायची आणि बंद करायची हे यंत्राला तिच्यावरून कळते. पेस्टच्या घटकांशी तिचा काहीही संबंध नाही.

पुढे घरातल्या मुलाची दाढ अधूनमधून ठणकू लागली. ही पेस्ट लावली की ठणका थांबे. विक्रेत्याने यालाच गुण आल्याचा पुरावा ठरवले आणि वर सांगितले, ‘दुधाची दाढ आहे, पडणारच.’ खरे कारण पेस्टमधल्या लवंग तेलात होते. त्यातले युजेनॉल मज्जातंतू बधिर करते. वेदना थांबते, कीड थांबत नाही.

गोंदियाच्या दातांच्या डॉक्टरांनी मुलाच्या तोंडात आरसा धरला आणि समोरच्या दातापासून मागे बोटाने मोजत नेले. दुखत होता तो सहावा दात. डॉक्टर म्हणाले, ‘ही दुधाची नाही. ही पक्की दाढ आहे, आयुष्यभराची.’ पहिली पक्की दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी आधी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते. कीड मुळापर्यंत गेली होती. पेस्टच्या खोक्यावर पीपीएमचा आकडा कुठेच नव्हता. गावातल्या बोअरचे पाणी तपासले तेव्हा फ्लोराइड लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाले. म्हणजे या मुलाच्या दातांना पेस्टमधल्या फ्लोराइडची खरी गरज होती.

किडीला पेस्ट हे एकच कारण नसते. खाणे, घासण्याची सवय, लाळ यांचाही त्यात वाटा असतो. तरी फ्लोराइड काढून घेतले गेले, वेदना झाकली गेली आणि पक्क्या दाढेला दुधाची म्हटले गेले, या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या शब्दावर झाल्या. रूट कॅनलचा खर्च कळवल्यावर विक्रेत्याचे म्हणणे होते की मुलगा चॉकलेट खातो. त्यानंतर फोन उचलणे बंद झाले. डॉक्टरच्या अधिकाराने बोलायचे आणि परिणामाची वेळ आली की आईच्या संगोपनावर बोट ठेवायचे, हे वागणे दाढेच्या दुखण्याहून अधिक काळ मनात राहते.

निवड करणाऱ्याने पुढील क्रम पाळावा.

आधी पाणी तपासावे. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण दिलेले असते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेतही पाठवता येतो. तपासणी फ्लोराइडची हवी, हे स्पष्ट सांगावे.

फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर आधी पाण्याचा स्रोत बदलावा. लहान मुलांच्या पेस्टबाबत दातांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. प्रमाण कमी असेल तर पेस्ट हर्बल असो वा नसो, १००० पीपीएमचा आकडा पाहूनच घ्यावी. अशा पेस्टच्या घटकांच्या यादीत बहुधा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड यांपैकी एक नाव सापडते. काही हर्बल पेस्टमध्येही ते असते.

तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. गिळू देऊ नये.

ज्यांना वारंवार तोंड येते, त्यांनी सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट वापरून पाहावी. पेस्ट बदलण्याचे हे रास्त कारण आहे. कोळशाच्या पेस्टने दात पांढरे होतात आणि त्या सुरक्षित आहेत, याला पुरेसा पुरावा नाही.

दिवसातून दोनदा घासावे, रात्रीचे चुकवू नये. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडावा. खर्रा खाणाऱ्याला कोणतीही पेस्ट वाचवत नाही.

दाढ दुखली आणि पेस्टने थांबली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. सहाव्या वर्षानंतर मुलाचे दात मधल्यापासून मोजावेत. सहावा दात कायमचा असतो.

घरी येऊन विकणाऱ्यांसाठी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१ लागू आहेत. विक्रेत्याने आधी वेळ ठरवून यावे, ओळखपत्र बाळगावे आणि स्वतःची खरी ओळख द्यावी, असे हे नियम सांगतात. ओळख कितीही जवळची असली तरी पावती घ्यावी आणि खोका जपून ठेवावा. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर किंवा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे करता येते. पावती नसेल तर खोका, संदेश आणि पैसे पाठवल्याची नोंद यांच्यावर तक्रार उभी करावी लागते, म्हणून यांतले काहीही फेकू नये.