बोहाडा : मुखवट्यामागचा ताल

लोकनाट्य म्हटलं की आपल्याला तमाशा आठवतो, फार तर दशावतार. पण २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात असलेल्या आणि आता पालघरमध्ये गेलेल्या जव्हार-मोखाडा भागात ‘बोहाडा’ हे मुखवट्यांचं नाट्य होतं, हे हॉस्टेलमधल्या कितीजणांना माहीत आहे?

होळीनंतर शेतीची कामं थंडावली की आदिवासी गावांत रात्री बोहाडा रंगतो. स्टेज नाही, पडदा नाही. गावातला रस्ता हाच रंगमंच. सुरुवातीला गणपती, शारदा. मग रामायण-महाभारतातली सोंगं आणि शेवटी देवी व महिषासुर यांचं युद्ध.

यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते संगीत. मुखवटा चढवला की नटाच्या चेहऱ्यावरचे हावभाव झाकले जातात. संवादही फारच थोडे. मग गोष्ट पुढे नेतात संबळ आणि सनई. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन वाद्यं : एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. ती काठ्यांनी वाजवतात. त्या तालावर सोंग पुढे-मागे पावलं टाकत येतं. देवाचा डौल आणि राक्षसाचा आवेश पावलांतूनच ओळखायचा.

असाच प्रकार पार आफ्रिकेतही सापडतो. नायजेरियातले योरुबा लोक पूर्वजांची सोंगं घेऊन ‘एगुनगुन’ नाचतात. त्यांच्या भाषेत स्वर वर-खाली झाला की शब्दाचा अर्थ बदलतो. ‘दुंदुन’ या ढोलाच्या दोऱ्या दाबून वादक तोच चढ-उतार काढतो, त्यामुळे ढोल अक्षरशः बोलतो! आपला संबळ शब्द बोलत नाही, पण सोंगाला चालवतो.

आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत हा फीडबॅक लूप आहे. मुखवट्याच्या भोकांतून दिसतं थोडंच, म्हणून नाचणारा कानावर विसंबतो. वाजवणारा त्याच्या पावलांवर नजर ठेवतो. गॅदरिंगला आपण ‘आदिवासी डान्स’ बसवतो तेव्हा रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतो. ट्रॅकला नाचणारा दिसत नाही, तिथे तो लूपच तुटतो.

मुखवटे आज दिवाणखान्याच्या भिंतीवरही दिसतात. पण संबळ वाजवणारे हात उरले नाहीत, तर ते नुसते शोभेचे राहतील. म्हणून पुढच्या गॅदरिंगला डीजेच्या बजेटमधले थोडे पैसे काढून तिकडच्या वादकांना योग्य मानधन देऊन बोलवूया. आणि त्याआधी एकदा उन्हाळ्यात, रात्रभर जागून, बोहाडा त्यांच्या गावातच बघून येऊया.