सागरतळाचे चित्र आणि पायथागोरस

सोनारने घेतलेल्या सागरतळाच्या चित्राला सर्रास ‘छायाचित्र’ म्हटले जाते. मला हा शब्द खटकतो. प्रतिध्वनींवरून मांडलेल्या कच्च्या चित्रात वस्तू आपल्या खऱ्या जागी क्वचितच असते.

१९८४ साली अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने पश्चिम किनाऱ्यापलीकडचा सागरतळ ब्रिटनमध्ये तयार झालेल्या ‘ग्लोरिया’ सोनारने पाहिला. ‘फार्नेला’ जहाजामागे ओढले जाणारे हे यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनीचे स्पंद सोडी आणि परतणारे प्रतिध्वनी नोंदवी. खडबडीत बेसाल्ट (आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा भाऊबंदच) जोरात उत्तर देतो म्हणून उजळ दिसतो. सपाट चिखल काळसर. खोलीचा या उजेडाशी थेट संबंध नाही.

यंत्राला कळतो तो फक्त वेळ. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. खोली ४ किलोमीटर असताना प्रतिध्वनी ६.६७ सेकंदांनी आला, तर तिरपे अंतर ५ किलोमीटर. कच्चे चित्र तो बिंदू ५ किलोमीटरवरच मांडते. पण ५ हा कर्ण झाला. जहाजाच्या मार्गापासून खरे अंतर ३ किलोमीटर! जहाजाखालची पट्टी तर फारच दबते. ४ ते ४.१ किलोमीटर या १०० मीटरांच्या नोंदीत ९०० मीटर तळ कोंबलेला असतो. त्यामुळे मार्गाला तिरका छेदणारा सरळ विभंग, म्हणजे फॉल्ट, चित्रात वाकतो आणि त्याची दिशा मोजणारा फसतो. दुरुस्तीने रेघ सरळ होते. मात्र त्या ९०० मीटरांत नवी माहिती येत नाही, होती तीच ताणली जाते.

उजेडाची दुरुस्ती मला याहून अवघड वाटते. जवळचा प्रतिध्वनी मोठा, दूरचा क्षीण. म्हणून एकेका अंतरावरच्या शेकडो नोंदींची सरासरी काढून त्या मानाने उजेड सारखा करतात. पण मार्गाला समांतर असा लांबलचक कडा असला तर? तो प्रत्येक नोंदीत त्याच अंतरावर येतो, सरासरीच्या लेखी यंत्राचा दोष ठरतो आणि पुसला जातो. चित्र सुबक होते, भूविज्ञान गेले! म्हणून चित्र हाती आले की जहाज कोणत्या दिशेने गेले हे मी आधी विचारतो, आणि आडव्या मार्गाची फेरी मिळाली तर तीही पाहतो.

पायथागोरसच्या दुरुस्तीतही एक गृहीत लपलेले आहे: तळ सपाट आहे. समजा, त्याच ४ किलोमीटर खोल तळावर एक पर्वत आहे. त्याचा माथा पाण्याखाली २ किलोमीटरवर आणि मार्गापासून ४ किलोमीटर दूर. तिरप्या अंतराचा वर्ग २० आला. सूत्रात खोली ४ घातली की उरले ४, म्हणजे माथा २ किलोमीटरवर! जहाजाकडे तो तब्बल २ किलोमीटर सरकला. वहीत करून पाहावे. हल्लीचे मल्टीबीम सोनार जागोजागची खोली वेगळी देते. ती घालून तेच गणित केले की माथा पुन्हा आपल्या ४ किलोमीटरांवर जातो.