काबेसा दे वाकाची पायपीट

मंडळी, १५१० साली पोर्तुगीज लोकांनी गोवा घेतले, हे तुमच्या कानावर आले असेल. त्याच काळात त्यांच्या शेजारचे स्पेन देशाचे लोक मावळतीकडे गलबते हाकारीत होते. मोठा समुद्र ओलांडला की अमेरिका लागते. तिथे सोने मिळेल, अशी त्यांना हाव होती. त्यांतल्या एकाची ही हकीकत.

त्याचे नाव आल्वार नुन्येस काबेसा दे वाका. 'काबेसा दे वाका' म्हणजे 'गाईचे डोके'. नावाचे हसू येते खरे. पण घराणे मानाचे होते.

१५२७ साली नार्वाएस नावाचा सरदार पाच गलबते आणि सुमारे ६०० माणसे घेऊन स्पेनहून निघाला. काबेसा दे वाका हा त्यांचा खजिनदार. पुढच्या साली एप्रिलात ते फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागले. सरदाराने ३०० माणसे पायी आत नेली आणि गलबते पुढे धाडली. गलबते सोडू नयेत, असे काबेसा दे वाकाने बजावले होते. कोण ऐकतो? त्या गलबतांची गाठ पुन्हा पडलीच नाही.

सोने मिळाले नाही. मिळाली दलदल, ताप आणि बाण. शेवटी लोकांनी रिकिबी वितळवून खिळे केले. घोड्यांच्या केसांचे दोर वळले. सदऱ्यांची शिडे शिवली. घोडे मारून खाल्ले. अशा पाच होड्यांत सुमारे २४० माणसे बसली.

नोव्हेंबरात लाटांनी काबेसा दे वाकाची होडी एका बेटावर आपटली. ते बेट आजच्या टेक्ससच्या किनाऱ्याजवळ आहे. होडी पुन्हा पाण्यात लोटली, तर ती उलटली. काही माणसे बुडाली. उरलेल्यांच्या अंगावर कापडही राहिले नाही. थंडी तर हाडे फोडणारी.

तेवढ्यात बेटावरचे लोक आले. त्यांनी ही दशा पाहिली आणि काय केले? ते खाली बसून मोठ्याने रडले! मग त्यांनी वाटेत जागोजागी शेकोट्या पेटवल्या आणि परक्यांना उचलून घरी नेले. ज्यांचा मुलूख घ्यायला आले, त्यांनीच ऊब दिली.

पण हाल संपले नाहीत. दुसऱ्याही एका होडीतली माणसे त्या बेटाला लागली होती. सगळे मिळून सुमारे ८० जण. हिवाळा सरेतो १५ उरले. पोटाचा आजार पसरून बेटावरचे निम्मे लोकही मेले. पुढे काबेसा दे वाकाला तिथे गुलामासारखे राबावे लागले. पाण्यातली कंदमुळे उपटून त्याची बोटे रक्ताळत. तिथून तो पळाला आणि फेरीवाला झाला. किनाऱ्यावरचे शिंपले आत न्यायचा. आतून कातडी आणि तांबडी काव आणायचा.

पुढे त्याला तीन सोबती भेटले: दोरान्तेस, कास्तियो आणि मोरोक्कोचा गुलाम एस्तेबानिको. हे चौघे पायी निघाले. वाटेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना करीत. एकाच्या छातीत रुतलेले बाणाचे टोक काबेसा दे वाकाने सुरीने काढून जखम शिवली. त्यांची कीर्ती पसरली. गावेच्या गावे त्यांना पोचवायला येऊ लागली.

१५३६ साली मेक्सिकोत त्यांना स्पेनचे घोडेस्वार भेटले. आपली माणसे म्हणून आनंद झाला. पण ते लोकांना पकडून गुलाम करीत होते. गावे ओस पडली होती, शेते पडीक. काबेसा दे वाकाच्या सोबतच्या लोकांनाही त्यांनी गुलाम मागितले. तो त्यांच्याशी भांडला. हे चौघे आणि ते घोडेस्वार एकाच जातीचे, हे त्या लोकांना पटेना. हे आजार बरे करतात, ते धडधाकट माणसाला मारतात. हे एक कसे?

स्पेनला परतल्यावर त्याने ही सारी हकीकत लिहिली. १५४२ साली ती छापली गेली. सोने त्याने आणले नाही. आणली ती ही हकीकत. म्हणून आज आपण ती वाचतो.

पण एक ध्यानात घ्या. एस्तेबानिकोने लिहिलेले एक अक्षरही आपल्याजवळ नाही. शेकोटी पेटवणाऱ्यांचेही नाही. त्यांची बाजू आपल्याला दुसऱ्याच्या लेखणीतूनच कळते. तुम्ही आता अक्षर शिकलात. आपली हकीकत आपण लिहा.

विचार करा:
१. बेटावरचे लोक परक्यांना पाहून का रडले असतील?
२. काबेसा दे वाका आपल्याच माणसांशी का भांडला?
३. तुमच्या आयुष्यातली एक हकीकत पाच ओळींत लिहा.