घरातील रेडॉन : उपाय आणि देखरेख

अणुवीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या अंगाला किरणोत्सर्गी द्रव्य चिकटले आहे काय, हे पाहण्यासाठी तेथे यंत्रे बसविलेली असतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिमरिक येथील केंद्रावर १९८४ च्या डिसेंबरात ही यंत्रे स्टॅन्ली वॉट्रस या अभियंत्यामुळे वाजू लागली. नवल असे, की केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती. शोध घेता घेता तज्ज्ञ त्याच्या घरापर्यंत पोहोचले. तेथील हवेत दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी इतका रेडॉन वायू आढळला. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ज्या पातळीला घर दुरुस्त करावयास सांगते, ती अवघी ४ पिकोक्युरी. म्हणजे हा गृहस्थ किरणोत्सर्ग केंद्रातून घरी नेत नव्हता, घरून केंद्रात आणत होता!

रेडॉनचे कूळ युरेनियमचे. खडकातील युरेनियमचे विघटन होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून हा वायू. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे, जमिनीच्या फटींतून वर यावयास तेवढा अवधी पुरतो. मोकळ्या हवेत तो विरून जातो, घरात मात्र कोंडतो. फुप्फुसाला खरी इजा होते ती रेडॉनपासून उत्पन्न होणाऱ्या पोलोनियमच्या कणांमुळे. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होतात, असा त्याच संस्थेचा अंदाज आहे. धूम्रपान करणाऱ्याला हा धोका कितीतरी अधिक.

थंड प्रदेशातील घर हे एक प्रकारचे धुराडेच असते. आतली तापलेली हवा वर चढून छपराकडून निसटते, तळाशी दाब कमी होतो आणि तळघराच्या फटींतून जमिनीतील हवा आत ओढली जाते. दारेखिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या आपल्या लोकांना ही अडचण सहसा जाणवत नाही. परंतु वॉट्रसचे घर ज्या ‘रीडिंग प्राँग’ नावाच्या खडकांच्या पट्ट्यावर होते, तो पट्टा पुढे न्यू जर्सीतही जातो, आणि न्यू जर्सीत मराठी कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. तेथे घर घेताना रेडॉनची चाचणी करून घेण्याचा प्रघात आहे.

उपायाचे तत्त्व सोपे आहे. घर जमिनीतील हवा ओढते ना, मग घराच्या आधी आपण ती ओढावी! तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून त्याखालची माती-खडी थोडी उपसतात, त्या खळग्यात तीन-चार इंच व्यासाचा पाईप सोडतात आणि पंख्याने तेथील हवा शोषून छपरावर नेऊन सोडतात. भोक पाडण्यापूर्वी खालून विजेची तार किंवा पाण्याचा नळ गेला आहे काय, हे पाहणे अगत्याचे. काँक्रीटची धूळही फुप्फुसाला घातकच, म्हणून नाकातोंडावर योग्य मुखवटा हवा. भिंत व फरशी यांच्या सांध्यातील फटी बुजवाव्या लागतात, कारण त्या उघड्या राहिल्या तर पंखा जमिनीऐवजी तळघरातील हवा ओढीत बसतो.

पण सर्वांत मोठी चूक होते ती पंख्याच्या जागेबाबत. सोयीचे म्हणून कोणी तो तळघरातच बसवितात. पंख्याच्या अलीकडच्या पाईपात हवा ओढलेली असते. तेथे चीर पडली तर घरातली हवा पाईपात जाईल, एवढेच. पंख्याच्या पलीकडे मात्र ती दाबाने ढकललेली असते. तेथे एखादा सांधा सुटला की जमिनीखालचा सारा रेडॉन थेट घरात! म्हणून पंखा माळ्यावर किंवा घराबाहेर असावा आणि पाईपाचे तोंड छपराच्या वर, खिडक्यांपासून किमान दहा फूट दूर असावे. जमिनीतील हवा दमट असते. पाईपात साचणारे पाणी परत खाली वाहून जावे म्हणून त्याला उतार ठेवतात.

आणखी एक धोका फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पंख्याने तळघरातील हवाही ओढली जाऊ लागली, तर गॅसवर चालणाऱ्या भट्टीचा धूर धुराड्यातून वर न जाता उलटा घरात येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. रेडॉन वर्षानुवर्षांनी मारतो, हा एका रात्रीत. यंत्रणा सुरू केल्यावर भट्टीचा धूर नीट वर जातो की नाही, हे जाणकाराकडून तपासून घेतलेच पाहिजे.

पाईपावर इंग्रजी ‘यू’सारखी वाकविलेली, रंगीत द्रव भरलेली नळी लावतात. दोन्ही बाजूंना द्रवाची उंची वेगळी असेल तर पंखा ओढीत आहे. सारखी झाली तर पंखा बंद पडला किंवा नळी निसटली. घरातल्या माणसाने येता-जाता तिकडे पाहावे. मात्र ही नळी ओढ दाखविते, रेडॉन मोजीत नाही. हा फरक विसरून निश्चिंत राहिलेली माणसे पुष्कळ असावीत, असे मला वाटते.

रेडॉन मोजावयाचा तर चाचणीच हवी. यंत्रणा निदान २४ तास चालल्यावर, पण ३० दिवसांच्या आत ती करावी. त्यापूर्वी १२ तास व चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवाव्या लागतात; पाहुणे आले म्हणून त्या उघडल्या की आकडा खोटा कमी येतो. कोळशाची डबी दोन ते सात दिवसांचा हिशेब देते. अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी प्लॅस्टिकची पट्टी ९० दिवसांहून अधिक काळ ठेवतात. रेडॉन ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असल्याने तिचा आकडा अधिक विश्वासाचा.

शेजाऱ्याची चाचणी आपल्या कामाची नाही. वॉट्रसच्या शेजारच्या घरात तशी भयंकर पातळी आढळली नव्हती. त्याच्या घरात मात्र यंत्रणा बसवून ती ४ पिकोक्युरीच्या खाली आणावी लागली, आणि मगच ते कुटुंब परतले. त्यानंतरही दर दोन वर्षांनी चाचणी करावी असा शिरस्ता आहे, आणि तळघरात निजावयाची खोली काढली तर त्याआधीच.