डबीतला खजिना

(खजिना म्हटला की सोने, चांदी आणि हिरेमोती डोळ्यांसमोर येतात. पण आज जगातील अनेक देशांत लोक असा खजिना शोधतात, की जो विकायला गेले तर चार आणेही मिळणार नाहीत! हा खेळ कसा सुरू झाला, संग्रहालयात तो कसा खेळता येतो आणि त्यासाठी अनेक देशांचे सहकार्य कसे लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही लपाछपी खेळला असालच. लपाछपीत माणसे लपतात आणि माणसेच त्यांना शोधतात. आता अशी लपाछपी मनात आणा, की जिच्यात एक डबी लपते आणि सारे जग तिला शोधते. या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. 'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. इथे 'कॅश' म्हणजे रोख पैसे नव्हेत, हे लक्षात ठेवा.

पृथ्वीवरील आपली जागा उपग्रहांच्या मदतीने सांगणारी 'जी.पी.एस.' ही यंत्रणा अमेरिकेने उभारली. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात. पूर्वी सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक ठेवलेली असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हुकमाने ही मुद्दाम केलेली चूक बंद झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ऑरेगन राज्यातील एका रानात एक बादली ठेवली. तिच्यात पुस्तके, एक गलोल, शेंगांच्या दाण्यांचा एक डबा आणि एक नोंदवही होती. त्यांनी त्या जागेचे अक्षांश आणि रेखांश जाहीर केले. नियम साधा होता : बादलीतून काही घ्या, तर तिच्यात काही ठेवा आणि वहीत नोंद करा. तीन दिवसांत दोघा जणांनी ती बादली शोधून काढली!

अक्षांश आणि रेखांश तुम्ही भूगोलात शिकला आहात. एका अंशाचे ६० भाग केले, की एका भागाला 'मिनिट' म्हणतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. एवढ्या अंतरात लहानशी डबी कशी सापडणार? म्हणून खेळाडू मिनिटाचेही एक हजार भाग करतात. असा एक भाग दोन मीटरांहूनही कमी असतो. एक आकडा चुकला, तर माणूस दुसऱ्याच झाडाखाली शोधत बसतो!

आता संग्रहालयाकडे वळू. जाड भिंती आणि छत यांमुळे उपग्रहांचे क्षीण संदेश इमारतीच्या आत नीट पोहोचत नाहीत. शिवाय मौल्यवान वस्तूंच्या मागे कोणी डबी लपवू लागले, तर त्या वस्तूंना धक्का लागेल. म्हणून संग्रहालयात डबी लपवत नाहीत, कोडे लपवतात. कोड्याचे उत्तर आतल्या वस्तूंजवळच्या पाट्यांवर असते. ते आकडे जुळवले, की बाहेरच्या डबीची जागा कळते.

एक उदाहरण पाहा. लंडनमधील ग्रीनिच येथे एक जुनी वेधशाळा आहे. ती आता संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. समजा, कोडे असे आहे : "वेधशाळेची स्थापना झाली ते साल, छपरावरचा वेळ दाखवणारा लाल गोळा बसवला त्या सालातून वजा करा." वेधशाळेची स्थापना १६७५ साली झाली आणि गोळा १८३३ साली बसवला. उत्तर आले १५८. हे झाले डबीच्या अक्षांशाचे शेवटचे तीन आकडे. हे उत्तर काढणाऱ्याला संग्रहालयातील पाट्या वाचाव्याच लागतात. गोळा कशासाठी बसवला, हेही त्याला कळते. नदीतील जहाजांवरचे खलाशी तो खाली पडताना पाहून आपली घड्याळे लावत असत.

ग्रीनिचला आणखी एक गंमत आहे. तिथल्या अंगणात शून्य रेखांशाची रेघ आखलेली आहे. एक पाय पूर्व गोलार्धात आणि एक पाय पश्चिम गोलार्धात ठेवून लोक तिथे छायाचित्र काढतात. पण त्या रेघेवर जी.पी.एस. यंत्र धरले, तर शून्य येत नाही! यंत्राचे शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला, बागेत सापडते.

मग चूक कोणाची? रेघेची की यंत्राची? चूक कोणाचीच नाही. जुन्या काळी दुर्बीण लावताना 'सरळ खाली' ही दिशा पाऱ्याच्या सपाट पृष्ठभागावरून ठरवत. पण पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सगळीकडे अगदी सारखे नसते. त्यामुळे ग्रीनिचची 'सरळ खाली' ही दिशा किंचित कललेली आहे. उपग्रहांची मोजणी मात्र पृथ्वीच्या केंद्रापासून होते. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

शून्य ग्रीनिचलाच का मानायचे, हाही प्रश्न होता. १८८४ साली २५ देशांचे प्रतिनिधी वॉशिंग्टन येथे जमले. २२ देशांनी ग्रीनिचच्या बाजूने मत दिले, एकाने विरोध केला आणि दोघे तटस्थ राहिले. निसर्गाने पृथ्वीवर शून्य रेखांश कोठेही आखलेला नाही. तो माणसांनी एकत्र बसून ठरवला. म्हणूनच एका देशात लिहिलेला रेखांश दुसऱ्या देशातला माणूस वाचू शकतो. आज रशिया, युरोप आणि चीन यांचेही उपग्रह हे काम करतात. भारताची 'नाविक' ही यंत्रणाही आहे.

समजा, तुमच्या वर्गाची दुसऱ्या देशातील एका वर्गाशी मैत्री झाली. त्यांनी त्यांच्या संग्रहालयावर कोडे तयार केले आणि तुम्ही तुमच्या. मग कोड्यांची अदलाबदल झाली. तिथल्या पाट्या तुम्ही वाचू शकत नाही आणि इथल्या पाट्या ते वाचू शकत नाहीत. तेव्हा तुम्ही प्रश्न विचारायचे, त्यांनी आपल्या संग्रहालयात जाऊन उत्तरे पाहायची आणि गणित दोघांनी मिळून सोडवायचे. एकट्याच्या हातून हे कोडे सुटणार नाही.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. २०११ साली इंग्लंडमधील वेदरबी या गावात कोणाला तरी एक संशयास्पद डबी दिसली. रस्ता बंद करावा लागला. तज्ज्ञांना बोलावून ती डबी स्फोट करून नष्ट केली गेली. नंतर कळले, की ती खेळातली डबी होती! म्हणून परवानगीवाचून कोठेही डबी ठेवू नका. जुन्या वास्तूचा दगड हलवू नका, जमीन उकरू नका आणि संग्रहालयातील वस्तूला हात लावू नका. डबी सापडली, तर वहीत नाव लिहा आणि ती होती तशीच परत ठेवा. तुमच्यामागून कोणीतरी तिला शोधत येणार आहे. तो तुम्हांला ओळखत नाही, पण त्याची सारी भिस्त तुमच्यावरच आहे.

शब्दार्थ
क्षीण – कमजोर. जतन करणे – सांभाळून ठेवणे. वेधशाळा – आकाशातील ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करण्याची जागा. तटस्थ – कोणाच्याही बाजूने नसलेला. वास्तू – इमारत. भिस्त – भरवसा.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिली बादली कोठे ठेवली होती?
(आ) अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे किती अंतर?
(इ) १८८४ साली किती देशांचे प्रतिनिधी जमले होते?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) संग्रहालयात डबी न लपवता कोडे लपवतात.
(आ) ग्रीनिचच्या रेघेवर यंत्र शून्य दाखवत नाही.

प्र. ३. तुमचे मत लिहा.
खजिन्याची किंमत नसतानाही लोक तो का शोधत असतील?

भाषाभ्यास
खजिना, हुकूम, जमीन, इमारत, जाहीर हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आहेत. ते उर्दूत कसे लिहितात, ते वहीत लिहा. मराठीत त्यांचा उच्चार कोठे बदलला आहे, ते वर्गात सांगा.

उपक्रम
मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली आणि ते १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. या दोन सालांवरून एक कोडे तयार करा. नंतर तुमच्या गावाजवळच्या एखाद्या संग्रहालयाची माहिती मिळवून असेच दुसरे कोडे तयार करा आणि ते शेजारच्या वर्गाला सोडवायला द्या.