आपल्या बोलीची पुस्तके : एक शोध

गेल्या वर्षी मी ग्रंथालयात शांता शेळके यांचे एक पुस्तक शोधत होते. त्याच आडनावापाशी उद्धव शेळके यांची ‘धग’ सापडली. ही कादंबरी 1960 सालची. तिची नायिका कौतिक वऱ्हाडी बोलते. मी वऱ्हाडातच जन्मले, वाढले. तरी बारावी होईपर्यंत हे नाव माझ्या कानांवर आले नव्हते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली, तेव्हा सांगणार कोण? परंतु दोष केवळ घराचा नाही. अनेक ग्रंथालयांत दशांश वर्गीकरण चालते. त्यात मराठी कादंबरीचा क्रमांक 891.463 आणि पुढे बहुधा लेखकाच्या आडनावाचा क्रम. पेंडशांची कोकणातली ‘गारंबीचा बापू’, माडगूळकरांची माणदेशातली ‘बनगरवाडी’ आणि वऱ्हाडातली ‘धग’ यांचा क्रमांक एकच. बोली कोणती, मुलूख कोणता, हे तो सांगत नाही. लेखकाचे नाव आधी ठाऊक असेल त्यालाच पुस्तक मिळायचे. बाकीच्यांनी माझ्यासारखी योगायोगाची वाट पाहावी!

सुटीत ‘धग’ मी आजीला मोठ्याने वाचून दाखवली. आजीला अक्षरओळख नाही. कौतिकचे बोलणे ऐकून ती म्हणाली, “हे कोनं लिवलं वं? हे तं आपलंच बोलनं हाय!” शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत माझ्या तोंडून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघून गेले होते आणि सभागृहात हशा पिकला होता. पुढे दोन वर्षे मी व्यासपीठावर गेले नाही. आजीचे ते वाक्य ऐकताना मला तो हशा आठवला.

अर्थात आपल्या बोलीचे पुस्तक म्हणून ते घरातल्या सर्वांच्याच हाती द्यावे असे नाही. ‘धग’मधील दारिद्र्य आणि कौतिकच्या नवऱ्याचा कुष्ठरोग हे माझ्या नऊ वर्षांच्या भावाला पेलणारे नव्हे. त्याला मी ‘बहिणाबाईची गाणी’ दिली. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या-कविता इतरांनी टिपून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, 1952 साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. आजी आणि नातू एकाच वेळी ऐकतील असे पुस्तक याहून दुसरे मला अजून भेटलेले नाही. वडिलांसाठी सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ आणली. शिकून शेतीकडे वळलेल्या एकनाथाची ही कथा. तिला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बाबा चौथी शिकलेले. रोज दोन पाने वाचतात, आणि बियाण्याच्या भावापाशी थांबून माझ्याशी वाद घालतात.

अशा लेखकांना ‘प्रादेशिक’ म्हणण्याची रीत मला पटत नाही. पुण्या-मुंबईचे जीवन रंगवणारा लेखकही एका प्रदेशाचाच असतो, त्याला मात्र कोणी तसे म्हणत नाही. पण शोधाच्या सोयीसाठी प्रदेशाची नोंद हवीच. म्हणून मी एक वही केली आहे. लेखक, पुस्तक, बोली आणि घरात कोणाला आवडले, असे चार रकाने त्यात आहेत. नावे मिळतात ती पुस्तकांच्या शेवटच्या पानांवरील जाहिरातींतून, दिवाळी अंकांतून आणि सर्वांत जास्त ग्रंथपालांना विचारून.

वहीत आजवर तेवीस नावे झाली. झाडीबोलीचे पान मात्र कोरे आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडील मित्र-मैत्रिणींनी ती वही मागून घ्यावी आणि त्या पानावर लिहावे. ती वाचनकक्षातील खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेली असते.