संख्यानामे आणि विचारप्रक्रिया

बेंगळुरूच्या आग्नेयेकडे जाणाऱ्या सर्जापूर रोड परिसरात माहिती-तंत्रज्ञान उद्योगामुळे विविध राज्यांतील कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथील मराठी घरातील मूल घरी ‘एकवीस’, शेजारी कन्नडमध्ये ‘इप्पत्तोंदु’ आणि इंग्रजी शाळेत ‘ट्वेन्टी-वन’ ऐकते. संख्या एकच, मात्र कन्नड व इंग्रजीत दशक आधी उच्चारले जाते, तर मराठीत एकक. भाषेचा विचारांवर पडणारा प्रभाव या उदाहरणातून समजून घेता येतो.

सैद्धान्तिक भूमिका

एडवर्ड सपीर (१८८४-१९३९) व बेंजामिन व्होर्फ (१८९७-१९४१) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहीतकाची दोन रूपे आहेत. ‘भाषिक नियतिवादा’नुसार भाषा विचारांच्या सीमा ठरविते, ‘भाषिक सापेक्षते’नुसार ती विचारांना केवळ वळण देते. पहिले रूप आज सामान्यतः स्वीकारले जात नाही. दुसऱ्यास प्रयोगांचा काही आधार आहे. रशियन भाषेत गडद व फिकट निळ्या रंगांसाठी स्वतंत्र शब्द आहेत. या दोन गटांतील छटांमधला फरक रशियन भाषक एकाच गटातील छटांच्या तुलनेत जलद ओळखतात, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. इंग्रजी भाषकांत हा परिणाम दिसला नाही.

महाराष्ट्रातील चर्चा

२०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणित पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत समाविष्ट झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. तर भाषेच्या परंपरेस बाधा येईल, असा आक्षेप घेण्यात आला. दोन्ही बाजूंमागे तथ्य होते. ‘त्रेपन्न’ ऐकताना तीन आधी कानी पडतात, त्यामुळे नवशिक्या मुलाकडून ५३ ऐवजी ३५ लिहिले जाण्याची शक्यता असते. एकक आधी उच्चारणाऱ्या जर्मन भाषेतील मुलांतही अशा चुका नोंदविल्या गेल्या आहेत. ‘एकोणसाठ’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाही, साठातून एक वजा करावा लागतो. तथापि, हा अडथळा कायमचा नाही. ६१७४ या स्थिरांकाचे संशोधक द. रा. कापरेकर महाराष्ट्रातीलच, देवळाली येथील शालेय शिक्षक होते.

धोरणात्मक महत्त्व

संविधानाच्या अनुच्छेद ३५०(क) मध्ये भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा अथवा स्थानिक भाषेच्या माध्यमाचा पुरस्कार केला आहे. परंतु सर्जापूर रोडसारख्या बहुभाषिक परिसरात एकाच वर्गात अनेक मातृभाषा असतात. तेथे ३५ लिहिणाऱ्या मुलास गणितात कच्चे ठरविण्यापूर्वी त्याने संख्या कोणत्या भाषेत मनात धरली, हे शिक्षकाने विचारणे आवश्यक आहे. ‘एकवीस’ व ‘इप्पत्तोंदु’ शेजारी मांडल्यास एकक-दशकाची संकल्पना उलट अधिक स्पष्ट होते. भाषांमधील भेद हा अशा प्रकारे अध्यापनाचे साधन ठरू शकतो.